पाणी सोडताना

सकाळी सातला मी भिंतीच्या पोटात उतरतो.
लिफ्ट जुनी, बटणांवर रशियन अक्षरं,
चौथं दाबलं की पाचव्यावर थांबते,
आता तिला आणि मला दोघांनाही ते चालतं.
आत बारमाही गारठा. काँक्रीटला घाम.
लंबकाची तार बघतो: भिंत काल किती कलली,
आज किती सावरली.
केसाएवढं. तेवढंच वहीत लिहितो.
पाणी चढलं की एवढी थोरली भिंत जराशी झुकते,
उतरलं की मागे येते.
त्सिरा म्हणते, तुझ्यापेक्षा ती बरी.

साडेसातला फोन.
“पातळी?”
“चारशे ब्याऐंशी पॉइंट तीन.”
“आवक?”
“नव्वद.”
“बरं.”
“बरं.”

पलीकडे झाउर. एकोणीस वर्षं.
मी त्याला पाहिलेलं नाही.
एंगुरीचं धरण आमच्याकडे, टर्बाइन त्यांच्याकडे,
मधे डोंगर, डोंगरात पंधरा किलोमीटर बोगदा
आणि डोंगरावर कुणीतरी ओढलेली रेघ.
रेघेपाशी माणसाकडे कागद मागतात,
कागदावर शिक्का, शिक्क्यावर सही.
पाण्याला कोणी अडवत नाही.
ते इथे पाणी म्हणून शिरतं, तिथे वीज होऊन निघतं,
आणि त्यातली थोडी तारेवरून परत येते,
आमच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्यात.

माझ्याआधी इथे गेर्वासी होता.
सांगायचा, लढाईच्या दिवसांतही तो आकडे कळवत होता,
फक्त आवाज थोडा चढवून.

माझं घर पलीकडे आहे.
“होतं” म्हण, असं त्सिरा शिकवते. जमत नाही.
खांबांवर उभं लाकडी घर, मागे हेझलनटची बाग,
फाटकाशी अंजीर,
ज्याचं पहिलं फळ आमच्या बोंदोने कच्चंच खाल्लं
आणि दोन दिवस ओठ सुजवून हिंडला.
लोक म्हणतात, सोड आता त्या घरावर पाणी.
अहो, तेच तर करतोय,
दर सेकंदाला नव्वद घनमीटर.
कोण राहतं तिथे, ठाऊक नाही.
पण संध्याकाळी कुणी दिवा लावत असेल
तर त्यात माझंही थोडं पाणी जळतं.

हिवाळ्यात वर स्वानेतीत बर्फ गप्प बसतं.
तळं खाली, आणखी खाली जातं,
चिखलातून जुना रस्ता वर येतो, झाडांचे काळे खुंट,
एका पुलाचे दोन खांब, मधला पूल नसलेले.
पलीकडे तळघरांत यंत्रं रात्रंदिवस नाणी घडवतात
जी कुणाच्याच खिशात वाजत नाहीत.
झाउर म्हणतो, पुरत नाही. मी म्हणतो, नाहीच आहे.

मग एका जानेवारीत बोगदा दुरुस्तीला काढला.
दारं पाडली. पाणी बंद.
मी बॅटरी घेऊन आत गेलो, गळती मोजायच्या निमित्ताने.
इंजिनियर म्हणाले होते, दोनशे मीटर पुरे.
मी किती गेलो, ते वहीत नाही.
कोरडा, गोल, सरळ रस्ता, डोक्यावर ठिबक,
पुढे काळोख, आणि काळोखाच्या टोकाला माझं गाव.
कागद मागायला कोणी नव्हतं.
पायच थांबले. कशाने, विचारू नका.
गमबुटात पाणी शिरलं होतं एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन वाजला.
“झाउर, बोगदा कोरडा आहे.”
“माहीत आहे. सवय.”
खरखर.
“तुझं गाव कुठलं?”
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
मी सांगितलं. तो काही बोलला नाही.

चार दिवसांनी म्हणाला,
“फाटक निळं का?”
“हिरवं.”
“आता निळं आहे.”
“आणि अंजीर?”
“हिवाळा आहे रे. पाला नसला की सगळी झाडं सारखीच.”
मी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.
“पातळी सांग,” तो म्हणाला.
मी सांगितली. पॉइंटसकट.